लेफ्टनंट जनरल सगतसिंग: नाशिकच्या मुलांनी वारंवार विचारलेले प्रश्न

देवळाली कॅम्पात वाढलेल्या माणसाला तोफेचा आवाज नवा नसतो. रेंजवर सराव सुरू झाला की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि आई काही न बोलता फडताळातल्या कपबश्या जरा आत सरकवायची. तो आवाज खऱ्या लढाईत कुणाच्या तरी निर्णयानं सुरू होतो, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. तो निर्णय घेणाऱ्या एका सेनापतीबद्दल मी एनडीए आणि सीडीएस या लष्करी अधिकारी होण्याच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या नाशिकच्या मुलामुलींशी बोलत असतो. बोलणं संपलं की साधारण तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे सावकाश लिहून ठेवतो आहे.

हे सगतसिंग कोण? आम्ही तर नावच ऐकलेलं नाही.

बहुतेकांनी ऐकलेलं नसतं, आणि मला त्याचं वाईट वाटतं. १९६१ मध्ये गोव्यात पणजीपर्यंत पोचलेल्या ५० पॅराशूट ब्रिगेडचे ते ब्रिगेडियर. १९६७ मध्ये सिक्कीमच्या सीमेवरच्या नथु ला खिंडीत चिनी सैन्याला तोडीस तोड उत्तर देणाऱ्या १७ माउंटन डिव्हिजनचे प्रमुख. आणि १९७१ च्या बांगलादेश युद्धात मेघना नदी ओलांडून ढाक्याचं दार उघडणाऱ्या चौथ्या कोअरचे कमांडर. दहा वर्षांत तीन निरनिराळ्या प्रकारच्या लढाया त्यांनी लढल्या आणि तिन्ही ठिकाणी नेमून दिलेल्या कामापेक्षा जास्त करून दाखवलं. माणेकशॉ आपल्याला ठाऊक असतात, अरोरा १९७१ च्या शरणागतीच्या फोटोमुळे ठाऊक असतात. सगतसिंग मात्र पाठ्यपुस्तकात आलेच नाहीत.

बिकानेरकडच्या जनरलशी नाशिकचा काय संबंध?

जन्मगावाचा काहीच नाही. पण त्यांच्या दोन मोठ्या निर्णयांची हत्यारं कोणती होती ते बघा. नथु लाला तोफा, मेघनेवर हेलिकॉप्टर. तोफखान्याची शाळा आपल्या देवळालीत आहे, तोफखान्याचं सेंटर नाशिकरोडला आहे, आणि लष्करी वैमानिकांना हेलिकॉप्टरचं प्रशिक्षण नाशिकच्याच गांधीनगरच्या धावपट्टीवर मिळतं. जेलरोडला घरांवरून हेलिकॉप्टर गेलं की मुलं मान वर करतात. त्या यंत्राचं युद्धात काय करता येतं हे आपल्या देशात ज्यानं पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दाखवलं, त्याचं नाव त्या मुलांना माहीत असावं, एवढीच माझी इच्छा.

त्यांची सुरुवात कशी झाली?

१४ जुलै १९१९ रोजी कुसुमदेसर या गावी, तेव्हाच्या बिकानेर संस्थानात, त्यांचा जन्म झाला. संस्थानाच्या गंगा रिसाल्यात, म्हणजे उंटावरच्या फौजेत, ते नाईक म्हणून भरती झाले. पुढे जमादार झाले आणि मग अधिकारी. दुसऱ्या महायुद्धात इराकमध्ये होते. संस्थानं विलीन झाल्यावर ते भारतीय सेनेत आले, ३ गोरखा रायफल्समध्ये, आणि तिथल्या पलटणींचं नेतृत्व केलं.

यातला ‘नाईक’ हा शब्द सोडून देऊ नका. खालच्या पायरीवरून जो वर येतो त्याला जवानाच्या पाठीवरच्या ओझ्याचं वजन अंदाजानं काढावं लागत नाही.

ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर यांत गोंधळ होतो.

पलटण म्हणजे साधारण आठशे माणसं. तीनेक पलटणींची ब्रिगेड, तीनेक ब्रिगेडची डिव्हिजन, दोन-तीन डिव्हिजनची कोअर. पलटणीवर कर्नल (त्या काळी लेफ्टनंट कर्नल), ब्रिगेडवर ब्रिगेडियर, डिव्हिजनवर मेजर जनरल, कोअरवर लेफ्टनंट जनरल. पुढची उत्तरं कळायला एवढं पुरे.

पॅराशूटची उडी न मारलेला माणूस पॅराशूट ब्रिगेडचा प्रमुख कसा झाला?

१९६१ मध्ये त्यांची नेमणूक झाली तेव्हा ते पायदळाचे अधिकारी होते आणि वय बेचाळीस. या वयात कुणी विमानातून उड्या मारायला शिकत नाही. ते शिकले. मरून रंगाची बेरे टोपी डोक्यावर नसताना छत्रीधारी जवानांना हुकूम देणं त्यांना पटणारं नव्हतं. मुलं म्हणतात, सर, हा तर दिखावा झाला. मला तसं वाटत नाही. जे आपण केलेलं नाही ते दुसऱ्याला करायला सांगताना जीभ अडखळते, आणि ते जवानाच्या लगेच लक्षात येतं.

गोव्यात त्यांनी नेमकं काय केलं?

गोवामुक्तीची मुख्य कामगिरी मेजर जनरल कँडेथ यांच्या १७ इन्फंट्री डिव्हिजनकडे होती. ती पूर्वेकडून, बेळगावच्या बाजूनं उतरणार होती. सगतसिंगांच्या ब्रिगेडनं उत्तरेकडून, दोडामार्गच्या अंगानं, दबाव ठेवायचा होता. काम दुय्यम होतं.

१८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे ब्रिगेड निघाली. तीन वाटांनी तीन फळ्या. पूर्वेची फळी २ पॅरा, म्हणजे मराठा जवानांची पलटण, फोंड्याच्या रोखानं. मधली १ पॅरा, बाणस्तारीच्या वाटेनं. पश्चिमेची २ शीख लाइट इन्फंट्री रणगाड्यांसह थिवीवरून. पोर्तुगीजांनी पूल उडवून ठेवले होते. पण पूल नाही म्हणून थांबायचं नाही, उतार शोधायचा, असा एकूण खाक्या. त्या संध्याकाळी पश्चिमेची फळी बेतीला पोचली. समोर मांडवी आणि पलीकडे पणजी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदी ओलांडून जवान पणजीत शिरले. शिरताना सगतसिंगांनी पोलादी शिरस्त्राणं काढून मरून बेरे घालायला सांगितल्या. शहरात राहणारी माणसं आपलीच आहेत, त्यांच्यासमोर लढाईचं तोंड घेऊन जायचं नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो. १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली आणि ४५१ वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. मुख्य कामगिरी ज्यांच्याकडे होती त्यांच्याआधी दुय्यम कामगिरीवाली ब्रिगेड राजधानीत होती.

१९६५ मध्ये त्यांनी नथु ला सोडला नाही, म्हणजे काय?

पाकिस्तानशी युद्ध चालू असतानाच, सप्टेंबर १९६५ मध्ये, चीननं सिक्कीमच्या सीमेवरची ठाणी हटवा असा निर्वाणीचा इशारा दिला. नथु ला आणि जेलेप ला या दोन खिंडी. वरच्या मुख्यालयाचा कल पुढची ठाणी सोडून मागच्या मुख्य बचावफळीवर यावं असा होता. शेजारच्या डिव्हिजननं जेलेप ला रिकामा केला आणि चिन्यांनी तो घेतला. सगतसिंगांनी नथु ला सोडला नाही.

त्यांचं म्हणणं साधं होतं. खिंड पाणलोटाच्या रेषेवर आहे. ती दिली तर वरून सिक्कीममध्ये बघणारे डोळे शत्रूचे होतील, आपल्याकडे राहिली तर पलीकडे तिबेटातल्या चुंबी खोऱ्यात बघणारे डोळे आपले. आमच्या सह्याद्रीतला कुठलाही किल्लेदार हे समजू शकला असता. घाटमाथा एकदा सोडला की तो परत घ्यायला दसपट रक्त सांडावं लागतं.

मग १९६७ मध्ये काय घडलं? तोफांची गोष्ट खरी का?

खरी. आणि देवळालीच्या माणसानं ती थोडी विस्तारानं सांगितली तर माफ करा.

नथु ला चौदा हजार फुटांहून उंच. दोन्ही सैन्यं इतकी जवळ की एकमेकांचं बोलणं ऐकू यावं. रोजची बाचाबाची, धक्काबुक्की. सगतसिंगांनी ठरवलं की सीमा कुठे आहे हे तारेच्या कुंपणानं जमिनीवर दाखवून द्यायचं, म्हणजे वाद मिटेल. ११ सप्टेंबर १९६७ च्या सकाळी कुंपणाचं काम सुरू झालं. चिन्यांनी हरकत घेतली, शब्दाला शब्द वाढला, आणि थोड्याच वेळात त्यांच्या मशीनगन सुरू झाल्या. आमचे जवान उघड्यावर, हातात तार आणि खांब. आडोसा म्हणून एक दगड नाही. २ ग्रेनेडियर्सचे कमांडर लेफ्टनंट कर्नल राय सिंग जखमी झाले. १८ राजपूतचे मेजर हरभजनसिंग आणि ग्रेनेडियर्सचे कॅप्टन डागर यांनी मशीनगनवर चाल केली आणि दोघेही कामी आले.

रायफली आणि मॉर्टरनं हे आवरणार नव्हतं. तोफा होत्या, पण चीनच्या सीमेवर तोफखाना वापरायची परवानगी फार वरून यायची. १९६२ नंतर प्रत्येकाच्या मनात एकच धास्ती: वाढलं तर? सगतसिंग त्या परवानगीची वाट बघत बसले नाहीत. तोफा सुरू झाल्या.

इथे तोफखान्याचं एक गुपित सांगतो, जे आमच्या शेजारच्या निवृत्त सुभेदारकाकांनी मला शाळेत असताना शिकवलं. तोफ आंधळी असते. तिचे डोळे असतात पुढच्या उंचवट्यावर बसलेला निरीक्षण अधिकारी. गोळा कुठे पडला ते तो बघतो, ‘शंभर डावीकडे, दोनशे पुढे’ सांगतो, आणि मागची तोफ तशी फिरते. नथु लाच्या बाजूला सेबू ला आणि कॅमल्स बॅक ही ठिकाणं आपल्याकडे होती, आणि तिथून चिनी मोर्चे, त्यांची वाट, त्यांची रसद असं सगळं दिसत होतं. चिनी तोफांना आपल्या बाजूचं तसं दिसत नव्हतं. त्यामुळे आपले गोळे बसत होते आणि त्यांचे बरेचसे वाया जात होते. दोन वर्षांपूर्वी घाटमाथा सोडला नव्हता त्याचं हे फळ.

१४ सप्टेंबरपर्यंत मारा चालला, मग थांबला. मृतदेहांची देवाणघेवाण झाली तेव्हा पूर्व विभागाचे प्रमुख माणेकशॉ, कोअर कमांडर अरोरा आणि सगतसिंग तिघेही तिथे होते. १ ऑक्टोबरला चो ला इथे पुन्हा झटापट झाली, तीही आपण निभावली. दोन्ही ठिकाणी मिळून आपले ऐंशीहून जास्त जवान गेले. ‘जिंकलो’ म्हणताना हा आकडा गिळून टाकू नका. त्यातले बरेच पहिल्या काही मिनिटांत गेले, आणि कुंपणाच्या कामाला निघालेल्यांना आधीपासून जास्त आडोसा देता आला असता का, हा प्रश्न विचारणं सगतसिंगांचा अपमान नाही.

मेघना ओलांडली म्हणजे काय केलं? नदी तर सगळेच ओलांडतात.

गोदावरी डोळ्यांसमोर ठेवाल तर फसाल. पूर आलेला असतानाही रामकुंडावर पलीकडचा काठ दिसतो. मेघना अनेक ठिकाणी मैलाहून रुंद आहे. पूर्व पाकिस्तानातल्या पाकिस्तानी फौजेचा सगळा भरवसा अशा नद्यांवर होता.

सगतसिंगांच्या चौथ्या कोअरमध्ये तीन डिव्हिजन होत्या: कृष्णराव यांची ८, हिरा यांची २३ आणि गोन्साल्व्हिस यांची ५७. काम होतं मेघनेच्या पूर्वेचा मुलूख घेणं. नदीपलीकडचं ढाका त्यांच्या कामात लिहिलेलं नव्हतं. ५ डिसेंबर १९७१ ला सीमेजवळचं आखौडा पडलं. फौजा नदीच्या रोखानं सरकल्या. ९ डिसेंबरला पाकिस्तान्यांनी आशुगंजचा रेल्वेपूल उडवला. पूल गेला, म्हणजे इथे थांबावं असा नियमच जणू समोर आला.

पण सगतसिंगांच्या हाताशी हवाई दलाचे ग्रुप कॅप्टन चंदनसिंग आणि त्यांची डझनभर एमआय-४ हेलिकॉप्टरं होती. दोघांनी आधीपासून डोकं लावून ठेवलेलं होतं. ९ तारखेलाच ५७ डिव्हिजनची ४ गार्ड्स ही पलटण हेलिकॉप्टरनं पलीकडे रायपुऱ्याला उतरू लागली. एका खेपेत बसायला हवीत त्यापेक्षा जास्त माणसं कोंबून, फेरीवर फेरी, रात्रीसुद्धा. उतरायची जागा दाखवायला जमिनीवर हातातल्या टॉर्च. पुढे नरसिंगदी. तोफा सुट्या करून नेल्या. पाण्यात चालणारे पीटी-७६ रणगाडे नदीत घातले, पण इतक्या रुंद पात्रात त्यांची इंजिनं तापायची, मग नावांनी ओढायचे. गावकऱ्यांनी आपल्या होड्या दिल्या, दारूगोळा डोक्यावरून वाहिला. लोक सोबत नसते तर हे जमलं नसतं, एवढं निश्चित.

थोड्या दिवसांत त्या फौजेच्या तोफा ढाक्यावर मारा करण्याइतक्या जवळ होत्या.

सिल्हेटची उडी याआधीची ना?

हो, ७ डिसेंबरची. ४/५ गोरखा रायफल्सला हेलिकॉप्टरनं सिल्हेटजवळ उतरवलं. आपल्या सेनेची हेलिकॉप्टरनं केलेली ही पहिली मोहीम. पलटणीचे कमांडर होते लेफ्टनंट कर्नल हारोळीकर, ज्यांना महावीरचक्र मिळालं. उतरलेली माणसं मूठभर, पण समोरच्यांची समजूत अशी झाली की पूर्ण ब्रिगेड आली आहे. गोरख्यांनी ती समजूत मोडू दिली नाही. पाकिस्तानच्या दोन ब्रिगेड सिल्हेट राखत तिथेच अडकल्या आणि शेवटी तिथेच शस्त्रं खाली ठेवली. ढाक्याच्या रक्षणाला त्या कधी पोचल्याच नाहीत.

ते स्वतः पुढे जायचे असं ऐकलं.

जायचे, हेलिकॉप्टरनं, जवळजवळ रोज. आशुगंजकडची पाहणी करताना त्यांच्या हेलिकॉप्टरवर खालून गोळीबार झाला. वैमानिक गंभीर जखमी झाला, सहवैमानिकानं यंत्र परत आणलं, सगतसिंगांच्या कपाळाला खरचटलं. हेलिकॉप्टरची गोळ्यांनी चाळण झाली होती. कोअर कमांडरनं इतकं पुढे जाऊ नये, हे म्हणणं चूक नाही. तो पडला तर तीन डिव्हिजनचं डोकं जातं. पण नदी कुठे अरुंद आहे, शेत कुठे कोरडं आहे, शत्रू कुठून उठून गेला आहे, हे नकाशावर दिसत नव्हतं, आणि त्यांचे सगळे धाडसी निर्णय या डोळ्यांनी बघण्यावर उभे होते.

ते कधी चुकले नाहीत का?

चुकले. आशुगंजलाच. शत्रू पळतो आहे असं समजून आपल्या तुकड्या घाईनं पुढे घातल्या गेल्या आणि पाकिस्तान्यांनी त्वेषानं उलट हल्ला केला. १८ राजपूतची मोठी हानी झाली, रणगाडेही गेले. तीच १८ राजपूत, जी चार वर्षांपूर्वी नथु लाला लढली होती. वेग हे सगतसिंगांचं बळ होतं, आणि त्या दिवशी वेगाचीच किंमत पलटणीनं मोजली.

थोडक्यात, त्यांनी हुकूम मोडले. मग आम्ही त्यांच्याकडून काय शिकायचं?

हा प्रश्न हटकून येतो, आणि याचं उत्तर देण्यासाठीच मी हे सगळं लिहितो आहे.

हुकुमात दोन गोष्टी असतात: काय करायचं आणि कशासाठी. लढाईत पहिली गोष्ट तासाभरात शिळी होते. दुसरी होत नाही. मेघनेच्या पूर्वेचा मुलूख कशासाठी घ्यायचा होता? पूर्व पाकिस्तानातली फौज लवकर हरावी म्हणून. पूल उडाल्यावर थांबणं हुकुमाच्या अक्षराला धरून होतं, पलीकडे जाणं हुकुमाच्या हेतूला. तोवर पूर्व विभागाचे प्रमुख झालेल्या अरोरांना ही धाव पसंत नव्हती असं सांगितलं जातं. पण धाव थांबली नाही.

आता दुसरी बाजू ऐका. हेलिकॉप्टरं आयत्या वेळी सुचली नव्हती. चंदनसिंगांशी बोलणं आधी झालं होतं, सिल्हेटला एक प्रयोग झाला होता, पलीकडच्या जागा स्वतः वरून पाहिल्या होत्या, लोक बरोबर होते. नथु लाला तोफा डागण्याआधी निरीक्षणाची ठाणी बसवलेली होती. ज्याची तयारी इतकी पक्की आहे त्याला हुकुमाच्या पलीकडे पाऊल टाकायचा हक्क पोचतो. बाकीच्यांचं ते नुसतं आततायीपण, आणि त्याची किंमत दुसऱ्याचं पोर मोजतं. म्हणून मुलाखतीत ‘सगतसिंगांनी हुकूम मोडला म्हणून ते थोर’ असं कृपा करून म्हणू नका.

१९६७ ते १९७० या काळात ते कुठे होते?

शिलाँगला, १०१ कम्युनिकेशन झोनचे प्रमुख. मिझो टेकड्यांतल्या बंडाविरुद्धच्या कारवाया त्यांच्या अखत्यारीत होत्या. १९७० च्या डिसेंबरात त्यांना चौथी कोअर मिळाली.

त्यांना सन्मान काय मिळाला?

परमविशिष्ट सेवा पदक आणि पद्मभूषण. महावीरचक्र नाही. आर्मी कमांडरचं पदही नाही. १९७६ मध्ये ते लेफ्टनंट जनरल म्हणूनच निवृत्त झाले, जयपूरला राहिले आणि २६ सप्टेंबर २००१ रोजी गेले. वरिष्ठांशी त्यांचं सतत जुळत नसे, हे त्यामागचं कारण असावं असं मला वाटतं. इतक्या मोठ्या कामगिरीनंतर हे कमीच होतं, आणि हे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

नाशिकमध्ये राहून यातलं काय बघता येईल?

नाशिकरोडच्या तोफखाना सेंटरमध्ये संग्रहालय आहे. शाळेतर्फे परवानगी काढून जा आणि जुन्या तोफांच्या चाकांजवळ थोडा वेळ उभे राहा. अशी तोफ सुटी करून नदीपार नेणं म्हणजे काय, ते तिथे कळतं. देवळालीच्या रेंजवर दरवर्षी ‘तोपची’ हा सराव होतो. ओझरच्या विमान कारखान्याकडून जाताना मुलांना सांगा की मिग-२१ जातीची विमानं इथे बनत, आणि १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर हल्ला करणाऱ्या विमानांत मिग-२१ होती. आणि हो, गोव्याला सहलीला जाल तेव्हा बेतीच्या काठावर पाच मिनिटं थांबा. समोर पणजी तशीच दिसते.

शरणागतीच्या त्या प्रसिद्ध फोटोत ते आहेत का?

आहेत. १६ डिसेंबर १९७१, ढाक्याचं रमणा रेसकोर्स. टेबलापाशी बसलेले पाकिस्तानी सेनापती नियाझी सही करताहेत, शेजारी अरोरा. मागे उभ्या असलेल्या रांगेत व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन, एअर मार्शल दिवाण, आणि मेजर जनरल जेकब यांच्या अलीकडे जे उभे आहेत, ते सगतसिंग.